सोलरचं अनुदान, काकूंचं रिटर्न आणि बिलातले 8,330 रुपये

प्रश्न : पुण्यात आमचं बैठं घर आहे. घर आणि वीजजोडणी दोन्ही माझ्या नावावर. मी बँकेतून निवृत्त झालो. पेन्शन आणि ठेवींचं व्याज धरून करपात्र उत्पन्न 14 लाखांच्या आसपास जातं. पत्नी होमिओपॅथ आहे, पुढच्या खोलीत तिचा दवाखाना चालतो, वर्षाला साधारण 9 लाख फी जमा होते. नोव्हेंबर 2025 मध्ये गच्चीवर 3 किलोवॅटचं सोलर बसवलं. ऑगस्टमध्ये 50 हजार ॲडव्हान्स दिला होता, बाकीचे काम झाल्यावर. बिल 1,93,460 रुपयांचं, प्रत सोबत जोडली आहे. जानेवारीत सरकारी अनुदानाचे 78 हजार माझ्या खात्यात आले. अमेरिकेतल्या मुलाने हट्टाने एक लाख पाठवले. आता जो तो नवीन काहीतरी सांगतोय. शेजारी म्हणतात, 78 हजारांवर कर लागणार. सोलरवाला म्हणतो, दवाखाना आहेच तर 40 टक्के घसारा घ्या. मुलगा विचारतो, 30 टक्के टॅक्स क्रेडिट घेतलं का? शिवाय महावितरणने एप्रिलच्या बिलात शिल्लक युनिटांचे चारेकशे रुपये वळते केलेत. ते कुठे दाखवायचे?
– एक वाचक, कोथरूड

नमस्कार काका,

पत्राबरोबर बिलाची प्रत जोडलीत हे फार बरं केलंत. तुम्ही विचारलेल्या चारही प्रश्नांत मिळून जेवढे पैसे नाहीत, त्याहून जास्त पैसे त्या बिलात अडकलेत. पण त्याकडे मग येते. आधी 78 हजारांची धाकधूक संपवू.

त्या रकमेवर तुम्हाला आयकर नाही. शेजारी मात्र अगदीच हवेत बोलत नाहीयेत. 2015 च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यातल्या 'उत्पन्न' या व्याख्येत एक कलम घुसवलं. केंद्र किंवा राज्य सरकारकडून मिळणारी सबसिडी, अनुदान, रोख प्रोत्साहन, सगळं उत्पन्नात धरायचं. शब्द इतके सैल होते की गॅस सिलिंडरच्या सबसिडीवरही कर लागणार का, अशी ओरड सुरू झाली. तेव्हा त्याच वर्षीच्या मे महिन्यात प्रत्यक्ष कर मंडळाने खुलासा केला की गॅसची सबसिडी आणि व्यक्तीच्या कल्याणासाठी असलेली तशीच इतर अनुदानं या तरतुदीच्या कचाट्यात येत नाहीत. व्यवसायासाठी मिळालेलं अनुदान वेगळं, घरासाठी माणसाला मिळालेलं वेगळं. पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान घरगुती ग्राहकाला, घरच्या छतासाठी, थेट खात्यात मिळतं. पहिल्या 2 किलोवॅटला प्रत्येकी 30 हजार, तिसऱ्याला 18 हजार, आणि 78 हजारांवर गाडी थांबते, मग तुम्ही 5 किलोवॅट बसवा की 8. ते तुमच्या उत्पन्नात धरायचं नाही. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले, पण सबसिडीबाबतची ही मांडणी तशीच पुढे आली आहे. आणि तुमचे पैसे जानेवारीत आले, म्हणजे 2025-26 चं हे रिटर्न जुन्या, 1961 च्या कायद्यानेच भरायचं आहे.

काही सल्लागार ही रक्कम रिटर्नमध्ये 'करमुक्त उत्पन्न' म्हणून दाखवायला सांगतात. मी सांगत नाही. जे उत्पन्नच नाही ते करमुक्त उत्पन्न तरी कसं? अनुदान मंजुरीचा मेसेज, बँकेची नोंद आणि नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज मोजणारा मीटर) बसल्याचा कागद एका फाइलमध्ये लावून ठेवा, पुरे.

आता घसारा. सोलरवाल्यांचं हे आवडतं आमिष आहे, आणि त्यात खोटं काही नाही म्हणूनच ते चालतं. सौर वीजनिर्मितीच्या यंत्रणेवर 40 टक्के घसारा मिळतो, 2017 पूर्वी तर 80 टक्के मिळायचा. पण घसारा म्हणजे व्यवसायाच्या मालमत्तेची झीज, ती व्यवसायाच्या उत्पन्नातून वजा होते. घरातला पंखा आणि फ्रिज ज्या पॅनेलवर चालतात त्याचा घसारा पेन्शनमधून कोण वजा करून देणार?

राहिला काकूंचा दवाखाना. यंत्रणा तुमच्या नावावर, बिल तुमच्या नावावर, अनुदान तुमच्या खात्यात. घसारा मालकाला मिळतो, आणि काकू मालक नाहीत. दुसरं, 9 लाखांची फी घेणाऱ्या डॉक्टर बहुधा आयकर कायद्याच्या 44एडीए कलमाखाली रिटर्न भरत असणार, म्हणजे निम्मी रक्कम उत्पन्न धरायची आणि खर्चाची वही ठेवायची नाही. त्या निम्म्यात घसाऱ्यासकट सगळे खर्च आधीच पोटात घेतलेले असतात. वर पुन्हा घसारा मागता येत नाही. आणि समजा काकूंनी वह्या लिहायचं मनावर घेतलं, यंत्रणाही त्यांच्याच नावावर असती, तरी काय हाती लागतं? आधी किमतीतून अनुदान वजा. मग समजा पाच खोल्यांतली एक दवाखान्याची, म्हणून एक पंचमांश. नोव्हेंबरमध्ये बसवल्याने मार्चअखेर 180 दिवस भरत नाहीत, म्हणून दर 40 ऐवजी 20 टक्के. चार-साडेचार हजारांची वजावट. त्यावर वाचलेला कर शून्य, कारण काकूंचं उत्पन्न साडेचार लाख, आणि नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंत सूट असल्याने त्यांना मुळात करच लागत नाही! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

एक जाता जाता. घरात दवाखाना आहे म्हणून घरगुती जोडणी चालेल का, ही शंका पुष्कळ डॉक्टर आणि वकिलांना असते. वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात राहत्या घरात आपला व्यवसाय करणारे वकील, डॉक्टर, सीए, इंजिनिअर यांना घरगुती दरच आहे, नर्सिंग होम किंवा शस्त्रक्रियेची सोय असेल तर नाही. तेव्हा घसाऱ्याच्या मोहात 'या यंत्रणेचा वापर व्यावसायिक' असं स्वतःच्या सहीने कुठे लिहून देऊ नका. सूर्यघरचं अनुदान घरगुती ग्राहकालाच आहे.

मुलाचा प्रश्न. त्याचं चुकत नाही, त्याचा देश वेगळा आहे. अमेरिकेत स्वतःच्या राहत्या घरावर सोलर बसवलं की खर्चाच्या 30 टक्के रक्कम थेट फेडरल करातून वजा व्हायची. 30 हजार डॉलरची यंत्रणा असेल तर 9 हजार डॉलर कर कमी. फॉर्म 5695 भरायचा, या वर्षी कर पुरला नाही तर उरलेलं पुढे ओढायचं. 4 जुलै 2025 ला झालेल्या कायद्याने घरमालकांसाठीची ती सवलत 31 डिसेंबर 2025 ला संपवली. आणि चालू होती तेव्हाही ती अमेरिकेतल्याच घरासाठी होती. कोथरूडच्या गच्चीसाठी त्याने लाख पाठवले म्हणून त्याला तिकडे काही मिळालं नसतं. तुम्हालाही भारतात असं क्रेडिट नाही. तिकडे सरकार करात सूट द्यायचं, इकडे रोख अनुदान देतं. तुमचे 78 हजार हेच तुमचं 'क्रेडिट'.

त्याने पाठवलेल्या लाखाची मात्र काळजी नको. मुलाकडून आई-वडिलांना आलेली भेट कितीही मोठी असो, घेणाऱ्याला कर नाही, कारण आयकर कायद्याच्या 'नातेवाईक' या यादीत तो बसतो. त्याच्या बाजूने अमेरिकेचा भेटकर पाहिला तरी एका माणसाला वर्षाला 19 हजार डॉलरपर्यंत दिलं तर कळवावंही लागत नाही. लाख रुपये त्याच्या आसपासही पोचत नाहीत. 'बाबा, सोलरसाठी भेट म्हणून पाठवतोय' अशी त्याची एक ईमेल जपून ठेवा. उद्या कुणी विचारलं तर ती पुढे करता येईल.

आता तुमचं बिल. मी ते दोनदा वाचलं.

मूळ किंमत 1,70,000. खाली दोन ओळी : 'सोलर साहित्य 70 टक्के, 12 टक्के जीएसटी, 14,280' आणि 'उभारणी 30 टक्के, 18 टक्के जीएसटी, 9,180'. एकूण कर 23,460, बेरीज 1,93,460. बिलाची तारीख नोव्हेंबरची.

70-30 ची विभागणी बरोबर आहे. साहित्य आणि बसवून देणं हे एकाच करारात असलं की 70 टक्के रक्कम मालाची आणि 30 टक्के सेवेची धरायची, असा नियम 1 जानेवारी 2019 पासून आहे. सेवेवर 18 टक्के हेही बरोबर. चुकलाय तो मालाचा दर. सौर साहित्यावरचा जीएसटी ऑक्टोबर 2021 मध्ये 5 वरून 12 टक्के झाला होता, तो 22 सप्टेंबर 2025 पासून पुन्हा 5 टक्क्यांवर आला. तुमचं काम झालं नोव्हेंबरमध्ये, बिलही नोव्हेंबरमध्ये. तुम्ही ऑगस्टमध्ये ॲडव्हान्स दिला होता हे इथे आड येत नाही. माल-सेवा दर बदलल्यानंतर पोचली आणि बिलही नंतर फाटलं तर नवा दर लागतो, आधी दिलेल्या पैशांनाही तोच. बिल आणि सगळे पैसे दोन्ही सप्टेंबरच्या आधी झाले असते तर गोष्ट वेगळी होती.

म्हणजे मालाच्या 1,19,000 वर 5 टक्क्यांनी 5,950. सेवेचे 9,180 तसेच. एकूण कर 15,130, बिल 1,85,130 व्हायला हवं होतं. तुमच्याकडून 8,330 रुपये जास्त घेतले गेलेत.

लबाडी असेलच असं मी म्हणत नाही. पुष्कळ छोट्या सोलरवाल्यांच्या संगणकात जुना साचा तसाच राहिला होता. तो असंही म्हणेल की माल मी सप्टेंबरच्या आधी 12 टक्क्यांनी विकत घेतला होता. घेतला असेल, पण तो कर त्याला परतावा म्हणून आपल्या हिशेबात मिळतो, तुमच्या बिलाशी त्याचा संबंध नाही. जीएसटीत त्याला असे परतावे आहेत, तुम्हा-आम्हा घरगुती गिऱ्हाइकाला एक पैसाही परत मिळत नाही, म्हणून तर दर बरोबर लावून घेणं ही आपलीच गरज. त्याला लेखी कळवा, व्हॉट्सॲपवर नको, ईमेल करा : बिल क्रमांक अमुक, तारीख तमुक, 22 सप्टेंबर 2025 पासूनचा दर 5 टक्के, 8,330 रुपयांची क्रेडिट नोट (बिलातली जादा रक्कम कमी केल्याचा कागद) देऊन रक्कम परत करा. 2025-26 च्या बिलासाठी क्रेडिट नोट 30 नोव्हेंबर 2026 पर्यंत त्याच्या विवरणपत्रात दाखवता येते, म्हणजे सरकारकडे भरलेला जादा कर त्याला वळता करून मिळतो आणि त्याच्या खिशाला झळ बसत नाही. हे त्याला समजावून सांगा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. नाहीच ऐकलं तर 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. दिवाळीपर्यंत थांबू नका.

(इतर वाचकांनो, तुमचं बिल नोव्हेंबर 2025 च्या आगेमागे झालं असेल तर आत्ताच काढून बघा. आणि 'बिल नको, दहा हजार कमी करतो' असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. अनुदान नोंदणीकृत व्हेंडर आणि भारतीय बनावटीच्या पॅनेलवरच मिळतं, कच्च्या पावतीवर नाही.)

एप्रिलचे चारशे रुपये. इथे एक फरक लक्षात घ्या. दिवसा तुमच्या छतावरून ग्रिडमध्ये गेलेली युनिटं आणि रात्री तुम्ही घेतलेली युनिटं एकमेकांत वजा होतात. ही वजावट म्हणजे उत्पन्न नव्हे. वीज तुम्ही विकली नाहीत, कमी विकत घेतलीत. वीज शुल्क म्हणून बिलात जो 16 टक्के राज्याचा कर असतो, तोही रक्कम घटली की आपोआप घटतो. स्थिर आकार तेवढा जात नाही, बिल शून्य का येत नाही म्हणून महावितरणच्या खिडकीवर वाद घालण्यात अर्थ नाही. पण 31 मार्चला वर्षभराचा हिशेब बंद होतो आणि तरीही उरलेली युनिटं वीज कंपनी आयोगाने ठरवलेल्या दराने विकत घेते, तुम्ही देता त्या दरापेक्षा तो बराच कमी असतो. ही मात्र विक्री आहे. काटेकोर बोलायचं तर ते 'इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न'. एप्रिलमध्ये मिळाले, म्हणून आत्ताच्या नाही, पुढच्या वर्षीच्या रिटर्नमध्ये, ठेवींच्या व्याजाशेजारी. तुमच्या 15 टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह त्यावर साधारण 62 रुपये कर होतो. दाखवा आणि विसरा. विजेवर जीएसटी नाही, त्यामुळे युनिटं विकता म्हणून जीएसटी नोंदणी लागते का, हा प्रश्नही निकालात निघतो.

मला जास्त रस आहे तो दुसऱ्याच हिशेबात. तुम्ही बँकेत नोकरी केलीत, तुम्हाला तो आवडेल. अनुदान आणि परत येणारे 8,330 वजा जाता तुमचे घरातले 1,07,130 रुपये या पॅनेलमध्ये गेलेत. हीच रक्कम 7 टक्क्यांच्या ठेवीत टाकली असती तर वर्षाला साडेसात हजार व्याज, कर जाऊन हातात सहा हजार तीनशेच्या आसपास. पॅनेलने बिलातले महिन्याला दोन हजार जरी कमी केले तरी वर्षाचे 24 हजार, आणि त्यावर कर नाही, रिटर्नमध्ये ओळ नाही, टीडीएस नाही. वाचलेला रुपया आयकर खात्याला दिसतच नाही. खरी करसवलत आहे ती एवढीच, आणि ती कुठल्याही कलमात लिहिलेली नाही. दुसरी बाजूही सांगते : ठेव मुदतीनंतर मुद्दल परत देते, पॅनेल देत नाही. शिवाय तुमचा अनुभव हिवाळ्या-उन्हाळ्याचा आहे. आषाढ-श्रावणात पुण्यावर ढग उतरले की युनिटं किती पडतात ते बघा, मगच वर्षाचा आकडा पक्का धरा.

तुम्ही कर्ज घेतलं नाहीत, पण विचारणारे खूप आहेत, म्हणून दोन ओळी. सोलरच्या कर्जाला विद्युत वाहनाच्या कर्जाला होती तशी खास वजावट कधीच नव्हती. 80सी मध्येही सोलर बसत नाही, मग एजंट काहीही म्हणो. घर बांधतानाच्या गृहकर्जात सोलरची किंमत धरलेली असेल तर जुन्या प्रणालीत ते व्याज घराच्या व्याजाबरोबर 2 लाखांच्या मर्यादेत येतं. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावटच नाही. आणि 'एक पैसा न घालता गच्ची भाड्याने द्या' असा प्रस्ताव घेऊन कुणी आलं तर ते भाडं करपात्र आहे, हे करारावर सही करायच्या आधी लक्षात असू द्या.

घरपट्टी राहिलीच. पुणे महापालिका सौरऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांपैकी एखादा प्रकल्प असेल तर सर्वसाधारण करात 5 टक्के आणि दोन किंवा अधिक असतील तर 10 टक्के सवलत देत आली आहे. संपूर्ण घरपट्टीत नव्हे, तिच्यातल्या सर्वसाधारण करात. ती आपोआप मिळत नाही. कर आकारणी विभागाकडे अर्ज, यंत्रणेचे फोटो आणि नेट मीटरचा कागद द्यावा लागतो, आणि प्रकल्प चालू असायला लागतो. कागदावर असलेले आणि प्रत्यक्षात बंद पडलेले प्रकल्प शोधून पालिकेने सवलती काढूनही घेतल्या आहेत. तुमच्या परसात गांडूळखताचा हौद असेल तर त्याचीही नोंद करून टाका. पुण्याबाहेरच्या वाचकांनी आपापल्या पालिकेचा नियम तिथेच विचारावा, सगळीकडे सारखं नाही.

आणखी एक, पुढच्या कधीतरी साठी. हे घर विकायची वेळ आली आणि पॅनेल घराबरोबरच दिलंत, तर त्यावर केलेला खर्च घराच्या सुधारणेचा खर्च म्हणून भांडवली नफ्यातून वजा मागता येईल असं माझं मत आहे. मागायचा तो अनुदान वजा करून, 1,07,130 रुपयेच. काढून मुलीकडे किंवा नव्या घरी नेलंत तर नाही. कलम काय म्हणतं हे तेव्हाचा सीए बघेल, पण बिल त्याच्या हातात पडलं पाहिजे. थर्मल कागदावरची पावती असेल तर आजच स्कॅन करा, दोन वर्षांत ती कोरी होते.

सोलरमुळे तुमचा रिटर्नचा फॉर्म बदलत नाही. पेन्शन, व्याज आणि एक घर, एवढंच असेल तर तुमचं आयटीआर-1 आणि काकूंचं आयटीआर-4, गेल्या वर्षीसारखंच. आधी ती ईमेल तेवढी पाठवा, आणि क्रेडिट नोट आली की तिची प्रत मूळ बिलाला टाचून ठेवा.